मावळची लेणी म्हणजे लुटीचा खजिना नव्हे!

मावळातल्या लेण्यांना काय म्हणावं, हे लेणी खोदवणाऱ्यांनीच ब्राह्मी लिपीत कातळावर कोरून ठेवलं आहे. कार्ल्याचं चैत्यगृह घडवणारा वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल त्याला ‘सेलघर’, म्हणजे शैलगृह म्हणतो. तिथला सिंहस्तंभ लेखात ‘सिहथभ’ आहे. भाज्यात पाण्याचं टाकं दान देणारा महारठी विष्णुदत्त त्याला ‘पोढी’ म्हणतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या दात्यांना जी अचूकता साधली, ती अफाट पैसा ओतून व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपन्यांना साधू नये? धिक्कार असो या आळसाचा!

१९९८ साली ‘टूम रेडर ३’ भारतात उतरला, तो नावातच थडग्यांची लूट मिरवत. २०१७ साली ‘अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी’ने खजिन्याचा शोध थेट पश्चिम घाटात आणला. अवशेषांत शिरायचं, दिसेल ते उचलायचं, पुढं पळायचं! या साच्यात चैत्यगृह आणि मंदिर एकच, विहार आणि तळघर एकच, आणि स्तूप म्हणजे फोडून आत पाहायची वस्तू. भिक्षूंच्या निवासाला थडगं म्हणणं हा इतिहासाचा उघड अपमान आहे. कार्ले, भाजे, बेडसे इथं वीट रचलेली नाही. सलग कातळ वरून खाली कोरत नेला आहे. ‘बांधलेलं’ आणि ‘कोरलेलं’ यांतला फरक ज्याला कळत नाही, त्यानं सह्याद्रीचं चित्र काढूच नये!

हा शब्दच्छल नाही. जमिनीतली वस्तू कोणत्या थरात, कशाशेजारी सापडली, यावर तिचा अर्थ ठरतो. थर मोडला की पुरावा मेला. उत्खननाला ‘खजिना शोधणं’ म्हणणारा खेळ मुलांना नेमका तो पुरावा मारायला शिकवतो. १९५८ चा प्राचीन स्मारकांचा आणि १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा असताना ज्या कृत्याला शिक्षा आहे, त्याच कृत्याला पडद्यावर गुण मिळतात. भिंतींवर नावं खरडणारे हात आकाशातून पडत नाहीत; ‘हे कुणाचंच नाही’ ही शिकवण त्यांना आधी मिळालेली असते.

अचूकतेनं खेळाची मजा जाते, ही सबब खोटी आहे. ‘असॅसिन्स क्रीड’ने २०१८ साली प्राचीन इजिप्तची अभ्यासपूर्ण सफर खेळातच घडवली. ‘राजी’सारखा गेम २०२० साली पुण्यातून जगभर गेला. त्याच पुण्यात पुरातत्त्वज्ञ सांकलियांचं डेक्कन कॉलेज आहे. इनामगावचं उत्खनन इथल्याच अभ्यासकांनी १९६८ पासून वर्षानुवर्षं थराथरानं केलं. कौशल्य इथं आहे, ज्ञानही इथंच आहे. मग विचारायला लाज कसली?

आमची मागणी स्पष्ट आहे. लेणी दाखवणाऱ्या प्रत्येक गेमच्या श्रेयनामावलीत पुरातत्त्वज्ञाचं नाव हवं आणि त्यानं तपासलेलेच शब्द पडद्यावर हवेत. मराठीत गेम आणणाऱ्यांनी चैत्यगृह, विहार, स्तूप, पोढी हेच शब्द वापरावेत. आणि पालकांनो, ग्राहकांनो, आपल्या लेण्यांना लुटीचा अड्डा ठरवणारा गेम विकत घेऊ नका. तिजोरीला धक्का बसल्याखेरीज या कंपन्यांना जाग येणार नाही!