माळ्याला वारा हवा

गेल्या पावसाळ्यात आमच्या बेळगावच्या जुन्या घराचा एक वासा मोडला. सुतारमामांनी त्यात पटाशी घातली, तर लाकूड भुसभुशीत! मामा म्हणाले, "कौल फुटलेलं नाही. ही ओल घरातनंच वर आलीय."

तीन वर्षांपूर्वी उकाड्याला कंटाळून आम्ही माळ्यावर थर्माकोल अंथरला. त्याच वेळी उंदीर नकोत म्हणून वळचणीच्या फटी सिमेंटने बुजवल्या आणि आढ्याजवळची जाळीही बंद केली. घर गार झाले, आम्ही खूश झालो. चूक थर्माकोलची नव्हती, बुजवण्याची होती.

मित्रहो, ही दोन कामे वेगळी आहेत. थर्माकोलमध्ये बहुतांश कोंडलेली हवाच असते; ती उष्णतेला सहजी खाली उतरू देत नाही. पण वाफेचे काय? स्वयंपाकघरातली वाफ फळ्यांच्या फटींतून माळ्यावर जाते आणि गार कौलांना लागली की तिचे पाणी होते. शिवाय मंगळुरी कौल पावसात थोडे पाणी पितेच. पूर्वी वळचणीतून शिरलेला वारा ही ओल घेऊन जाळीतून बाहेर पडे. तो थांबला आणि लाकूड कुजले.

उलटपक्षी, नुसता वाराही पुरत नाही. एप्रिलच्या दुपारी तापलेल्या कौलांची धग वाऱ्याला न जुमानता खाली पोहोचते. तिला अडवायला थर हवाच. आजोबांच्या वेळी फळ्यांवर मातीचा जाड थर होता आणि त्याच्यावर वारा खेळत असे. ती माती 'उगाच ओझे' म्हणून आम्हीच काढून टाकली, आणि मग उकाड्याच्या नावाने खडे फोडत बसलो!

अमेरिकेतील घरबांधणीच्या नियमांत माळ्याच्या दर १५० चौरस फुटांमागे १ चौरस फूट वायुमार्ग, असे सर्वसाधारण प्रमाण आहे. आमचा माळा ६०० चौरस फुटांचा. म्हणजे ४ चौरस फूट वाट हवी होती. आम्ही ठेवली शून्य!

या अंकाच्या कन्नड विभागातले आमचे मित्र माळ्याला 'अट्ट' म्हणतात. नाव कोणतेही असो, नियम एकच: थर खाली, वारा वर. घर दुरुस्त करणाऱ्यांनी आधी माळ्यावर चढून वाऱ्याची वाट पाहून घ्यावी, मगच थापी हाती धरावी. आम्ही आता फटी मोकळ्या करून बारीक जाळी बसवली आहे. उंदीर बाहेर, वारा आत. नवा वासा तेवढा महाग पडला.