जुनी ओमनी घेताना इंजिनाआधी कागद पाहा



उसाचे पेमेंट खात्यावर पडले की तिसगाव, मिरी, करंजी भागात एक गोष्ट हमखास दिसते. कोणीतरी जुनी ओमनी नाहीतर ईको आणून दारात उभी करतो. दुधाचे कॅन, भाजीपाला, पाव-खारी, काहीही वाहायला सोयीची गाडी. यात वावगे काही नाही. नव्या टेम्पोच्या हप्त्याखाली दबण्यापेक्षा रोखीने जुनी गाडी घेतलेली बरी, असेच माझे मत आहे. माझी तक्रार आहे ती व्यवहाराच्या रीतीबद्दल.

आपण गाडी पाहतो म्हणजे काय करतो? सेल मारतो, धूर बघतो, टायर दाबतो. ते करावेच. ही व्हॅन 1984 साली आली, 1988 पासून ओमनी झाली आणि 2019 मध्ये बंद पडली. म्हणजे मिळेल ती ओमनी आता जुनीच. इंजिन मारुती मोटारीचेच, 796 सीसीचे, पुढच्या सीटखाली बसवलेले. तेव्हा सीट उचलून बघा. मागची रबरी चटई उचलायला तर मुळीच विसरू नका. दुधाच्या गाडीत सांडलेले दूध आणि धुण्याचे पाणी चटईखाली मुरते, वरून रंग चकचकीत अन् खाली पत्रा पापडासारखा. 2010 पासूनच्या ईकोचे इंजिन सुमारे 1200 सीसीचे, ताकद जास्त; पण पत्र्याची गोष्ट तीच.

वजनाचाही हिशेब करा. 40 लिटरच्या कॅनमध्ये दूधच 41 किलो भरते. दहा कॅन म्हणजे 410 किलो, कॅनचे आणि माणसांचे वजन वेगळे. आरसी बुकात रिकामे व भरलेले वजन छापलेले असते, वजाबाकी घरी करावी. करंजी घाट उतरताना ती करण्यात अर्थ नाही.

आता कागदाचे. ऊस तुटून गेल्यावर 14 दिवसांत पैसे मिळावेत, असे 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. हे 14 दिवस आपल्याला तोंडपाठ असतात, एक दिवस उलटला की गट ऑफिसात विचारणा सुरू! पण मोटार वाहन कायद्यातही 14 दिवसच आहेत, ते कोणाला ठाऊक नसतात. गाडी राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचे असते. त्यासाठी 29 व 30 नंबरचे फॉर्म. कर्ज असेल तर बँकेचा दाखला आणि 35 नंबरचा फॉर्म. आपल्याकडे मात्र स्टॅम्प पेपरवर दोन साक्षीदार घेतले, चहा झाला, की गाडी आपली!

ती आपली होत नाही. विकणाऱ्याचीही सुटका होत नाही. एका माणसाने 2007 साली मोटार विकली, ती हातोहात पुढे गेली, पण आरटीओत नाव पहिल्याचेच राहिले. 2009 मध्ये तिने अपघात होऊन एक मूल दगावले. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने भरपाईची जबाबदारी त्या पहिल्या माणसावरच ठेवली. तेव्हा जुनी गाडी विकणाऱ्या सभासदांनीही हे वाचावे.

पाटीचा रंगही पाहा. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने माल वाहू लागली आणि काही घडले, तर विमा कंपनी नेमके त्यावर बोट ठेवते. मालवाहू म्हणून नोंद असेल तर एकूण 3000 किलोपर्यंत परवाना लागत नाही, पण फिटनेस लागतो, आणि गाडी आठ वर्षांपुढची असेल तर दरवर्षी. विमा आपल्या नावावर करून घेण्याचा अर्जही 14 दिवसांतच द्यायचा असतो.

मी तर म्हणतो, नाव चढेपर्यंत थोडी रक्कम हातात ठेवावी आणि तसे इसारपावतीत लिहून घ्यावे. “विश्वास नाही का, दादा?” असे कोणी विचारले तर खुशाल हसावे, पण रक्कम सोडू नये. इसार देण्याआधी परिवहन खात्याच्या ॲपवर गाडीचा नंबर टाकून कर्ज, विमा, फिटनेस आणि थकलेली चलने पाहून घ्यावीत. मोबाईलवर जमत नसेल त्याने आपल्या गटाच्या चिटबॉयकडून पाहून घ्यावे, पाच मिनिटांचे काम आहे.

– ऊस विकास अधिकारी