नोबिताची मम्मी मीच!

गुरुवार म्हणजे आमचा रविवार. जगाचा वीकेंड शनिवार-रविवारी. भोसरी-चाकणला कंपनीत जाणाऱ्या आमच्यासारख्या कित्येकांचा गुरुवारी. त्यामुळे मी घरी असतो तेव्हा घरातले सगळे बाहेर, आणि सगळे घरी असतात तेव्हा मी लाइनवर रिजेक्शन मोजत असतो. क्वालिटीत आहे मी. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार मिळतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर दोन आठवड्यांपूर्वीच्या गुरुवारी चपलांचं कपाट आवरत होतो. माझ्या जुन्या स्पोर्ट्स शूजमध्ये चार घड्या घातलेला कागद सापडला. भाचेरावांचा गणिताचा पेपर. इयत्ता दुसरी, पंचवीसपैकी सात. खाली ‘पालकांची सही’ची जागा कोरी.

थोडी बॅकग्राउंड. ताई आणि दाजी दोन वर्षांपूर्वी वेगळे झाले. तेव्हापासून ताई आणि भाचेराव माझ्या मोशीच्या वन बीएचकेमध्ये. बेडरूम त्यांची, हॉलमधला दिवाण माझा. ताई हिंजवडीहून साडेआठला पोचते. मी चाकणच्या ट्रॅफिकची कृपा असेल तर सातला. तोवर भाचेराव खालच्या काकूंकडे. म्हणजे रोज दीड तास ‘बाप’ खात्याचा अ‍ॅडिशनल चार्ज माझ्याकडे. पोराला कडक शिस्त लागली पाहिजे, नाहीतर लोक म्हणतील, ‘बाप नाही ना घरात!’ या वाक्याला मी इतका घाबरलेला होतो की ते कुणी म्हणायच्या आतच मी ओरडून घ्यायचो.

पेपर बघून पहिला संशय कुणावर? अर्थातच टीव्हीवर! पेपर लपवायची आयडिया सरळ ‘डोरेमॉन’मधली. नोबिता शून्य मार्कांचे पेपर लपवतो, ते मम्मीला सापडतात आणि मग तिचा आवाज अख्ख्या गल्लीत घुमतो. भाचेराव शाळेतून आले तसा मी निकाल दिला: कार्टून बंद, महिनाभर.

यात मी एकटा नव्हतो म्हणा. ‘शिनचॅन’ आपल्याकडे २००६ मध्ये आला. पोरं आगाऊ बोलायला लागली म्हणून आईबापांनी तक्रारी केल्या आणि २००८ मध्ये चक्क सरकारने त्याच्यावर बंदी घातली. २००९ मध्ये तो काटछाट होऊन परत आला. पाच वर्षांच्या एका जपानी पोराला घाबरून दिल्ली हलली, तिथे मोशीच्या मामाचं काय घेऊन बसलात!

रात्री ताईसमोर पेपर ठेवला. तिने तो बघितला, शांतपणे. मग म्हणाली, ‘‘लपवायचं कसं, ते टीव्हीवरून शिकला असेल रे. पण लपवावासा का वाटला?’’

उत्तर बेडरूमच्या दारातून आलं. ‘‘मामा नोबिताच्या मम्मीसारखा ओरडतो ना, म्हणून.’’

मी गप्प. मग वातावरण हलकं करायला म्हणालो, ‘‘बरं बाबा, मी नोबिताची मम्मी. मग डोरेमॉन कोण?’’

आमच्याकडची पोरं कार्टूनवर हिंदी शिकतात, आणि मनातलं काही असलं की त्याच भाषेत बोलतात. तो म्हणाला, ‘‘अपने घर में डोरेमॉन है ही नहीं ना.’’

बॉस, त्या रात्री दिवाणावर झोप लागेना. रिजेक्शनचा शिक्का रोज मी मारतो. आज माझ्यावरच बसला होता.

मग आठवलं, मी स्वतः काय बघून मोठा झालो? नव्वदच्या दशकातलं दूरदर्शन, रविवारची सकाळ. ‘डकटेल्स’मधली तीन बदकं आईबापाकडे नव्हतीच. डोनाल्डमामा नेव्हीत गेला आणि त्यांना श्रीमंत, चिक्कू अंकल स्क्रूजकडे सोडून गेला. ‘टेलस्पिन’मध्ये रेबेका एकटीच मुलगी वाढवायची, वर एअर कार्गोची कंपनी चालवायची आणि आळशी बल्लूची बॉसही होती. मोगली तर लांडग्यांच्या घरात वाढला. पुढे ‘पॉवरपफ गर्ल्स’ आल्या, तिथे तीन पोरी आणि एकटा प्रोफेसर. ‘यांचे आईबाप कुठायत?’ असं आम्ही एकदाही विचारलं नाही. आम्हाला एवढंच कळायचं की घरात कोणीतरी आहे आणि ते यांच्यासाठी धावत येणार.

आणि आपल्या बेल्टमध्ये तरी चौकोनी कुटुंब कितीसं आहे? पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, चाकणला २००९ मध्ये फोक्सवॅगनचा प्लांट सुरू झाला. या पन्नास-पंचावन्न वर्षांत लातूर, बीड, जळगाव, बुलढाण्याहून माणसं येतच राहिली. आधी एकटा माणूस कॉट बेसिसवर, मग धाकटा भाऊ, मग लग्न, मग पोर गावी आजीकडे. आमच्याच सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एक जोडपं आहे. त्याची फर्स्ट शिफ्ट, तिची सेकंड. पोरगी गेटवर हातातून हातात जाते, रिले रेसच्या दांड्यासारखी. पहिल्या मजल्यावर चार बॅचलर आणि एक डबा. २०१२ पासून ‘मोटू-पतलू’ फुरफुरी नगरात तेच तर करतायत! कुटुंब म्हणजे अमुकच माणसं, हा हिशोब इथे केव्हाच बसेनासा झालाय. फक्त शाळेच्या फॉर्मवर अजून बसतो.

नोबिताचं घर खरं तर अगदी नियमातलं आहे. आई, बाबा, एक मुलगा. तरी पोरगा रडत कुणाकडे जातो? कपाटात झोपणाऱ्या एका रोबोट मांजराकडे. त्याला भविष्यातून नोबिताच्या खापरपणतूने पाठवलंय. रक्ताचं नातं शून्य. मम्मी वाईट नाही हो. पण बहुतेक वेळा ती पेपर सापडल्यावर येते. डोरेमॉन त्या खोलीतच असतो. शिनचॅनची आई टपल्या मारते, पण ती चुकते, चिडते, पोराबरोबर लोळतेसुद्धा. पोरं बघतात ते हे. घरात कोण कोण आहे यापेक्षा, जे आहेत ते आपल्याबरोबर बसतात का.

मी बसत नव्हतो. मी इन्स्पेक्शन करत होतो.

परवाचा गुरुवार. साडेबाराला शाळेच्या गेटवर उभा राहिलो. भाचेरावांनी आधी दप्तर घट्ट धरलं. बहुतेक आणखी एखादा पेपर असावा. मी विचारलं नाही. घरी येऊन वरणभात खाल्ला आणि खिशातून पुडी काढली. लांब बोल्ट पाच, नट पन्नास. (मोशीच्या हार्डवेअरच्या दुकानातून रोख विकत घेतलेले. कंपनीतले नव्हेत, एचआरने नोंद घ्यावी.)

गाडी हातच्यावर अडली होती. बेचाळीसमधून सतरा वजा. एका बोल्टवर दहा नट, म्हणजे एक दशक. असे चार बोल्ट भरले, दोन नट सुटे ठेवले. ‘‘आता सात दे मला.’’ ‘‘सुटे दोनच आहेत.’’ ‘‘मग?’’ तो बराच वेळ बघत बसला. मी ओरडलो नाही. (सोपं नव्हतं!) मग त्याने हळूच एक बोल्ट उचलला आणि नट फिरवून फिरवून दहाच्या दहा मोकळे केले. ‘‘हातचा म्हणजे हे होय!’’

होय. हातचा म्हणजे शेजाऱ्याकडून घेतलेला. आमचं सगळं घर त्याच्यावरच चाललंय.

त्या सातवाल्या पेपरवर मी सही केली. खाली नातं लिहायची जागा नव्हती, तरी लिहिलं: मामा. कार्टूनबंदी उठवली. संध्याकाळी दोघांनी मिळून डोरेमॉन बघितला. मम्मी ओरडायला लागल्यावर त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे, आणि दोघंही हसलो.

मग माझ्या खिशाकडे बोट दाखवून म्हणाला, ‘‘मामा, और क्या है उसमें?’’

चाकणच्या बसचा पास आणि एक चुरगळलेलं बिल होतं. पण पुढचा गुरुवार आहे ना!