म्हैस गाभण आहे का?

म्हैस फळवली, एकवीस दिवसांनी पुन्हा माजावर आली नाही, की घरात सांगून मोकळे होतात, "गाभण राहिली!" म्हशीच्या बाबतीत हा हिशेब फार फसवतो. तिचा माज पुष्कळदा मुका असतो. ओरडणे नाही की काही नाही. उन्हाळ्यात तर विचारूच नका. मग रिकामी म्हैस महिनोन्‌महिने पेंड खाते आणि घरची माणसे रेडकाची वाट पाहत बसतात.

जनावरांचे डॉक्टर गुदद्वारातून हात घालून गर्भपिशवी चाचपतात. अडीच-तीन महिन्यांनी केलेली ही तपासणी भरवशाची. हात मात्र सरावलेला हवा. सोनोग्राफीत आपल्याला ऐकू न येणारा आवाज आत सोडतात आणि त्याच्या प्रतिध्वनीचे चित्र पडद्यावर उमटते. क्ष-किरण नव्हेत ते. साधारण महिन्याभरातच गर्भाभोवतीचे पाणी दिसते, काळजाची धडधडही दिसू शकते.

माझ्या मते खरा फायदा रिकामी म्हैस लवकर कळण्याचा. पुढचा माज हातचा जात नाही. पण हे यंत्र गावोगाव नाही, आणि इतका कोवळा गर्भ कधी कधी जिरतो. म्हणून तीन महिन्यांनी हाताची तपासणी पुन्हा करून घ्यावी. फळवल्याची तारीख डॉक्टर दोन्ही वेळा विचारतील; ती आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा.