शौकाचा गळ आणि काळूचे पाणी

दूरच्या अरण्यातील एखाद्या नदीवर मासे धरायला जाण्याची आखणी करणाऱ्या शौकिनाची यादी मोठी असते. काठी किती लांबीची घ्यावी, दोर पाण्यावर तरंगणारा असावा की बुडणारा, हिवतापाच्या गोळ्या, पीतज्वराची लस, पाणी निवळण्याचा महिना, होडी, वाटाड्याची मजुरी असे सारे तपशील तो महिनोन्‌महिने जुळवीत असतो. 'फ्लाय फिशिंग' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या छंदात गांडूळ किंवा कणकेची गोळी वापरीत नाहीत. पिसे, केस आणि दोरा यांची खोटी माशी गळाला बांधायची आणि ती पाण्यावर अशी टाकायची की मासा फसावा. हाती आलेला मासा बहुधा पुन्हा पाण्यात सोडून देतात. पोट भरण्याशी संबंध नसलेला हा खेळ आता जगभर व्यवसाय होऊन बसला आहे. बोलिव्हियाच्या किंवा गयानाच्या जंगलातील नदीवरच्या एका आठवड्यासाठी मोजली जाणारी रक्कम आपल्याकडील शिक्षकाच्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढी असते.

इतक्या काटेकोर यादीत एक प्रश्न मात्र सहसा नसतो. ती नदी कोणाची?

हा प्रश्न गयानाला विचारण्यापूर्वी शहापूर-मुरबाडला विचारून पाहणे श्रेयस्कर. मुंबईच्या शौकिनाने नकाशा नीट पाहिला, तर अरण्यातील नदीसाठी त्याला विमानात बसण्याची गरज नाही, हे त्याच्या ध्यानी येईल. माळशेजच्या कड्यांवरून कोसळणारी काळू, तिला मिळणारी शाई, थळ घाटाकडून येणारी भातसा आणि उत्तरेची वैतरणा या नद्या लोकलगाडी आणि एस.टी. यांच्या टप्प्यात आहेत. सागाची राने आहेत, कातळात कोरलेले डोह आहेत. आज ना उद्या कोणा व्यवसायिकाच्या डोक्यात ही कल्पना येईल, नदीकाठी तंबू उभे राहतील आणि रंगीत पत्रके छापली जातील. ती वेळ येण्यापूर्वीच या विषयाचा विचार झालेला बरा.

प्रथम नद्यांची स्थिती पाहावी. या परिसराचे पाणी मुंबईकडे वळून शतक उलटले. तानसा तलाव १८९२ चा, मोडकसागर १९५७ चा, मध्य वैतरणा धरण २०१४ चे. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात जलाशयांच्या एकूण साठ्यापैकी जवळजवळ निम्मा साठा एकट्या भातसा धरणात असतो. या धरणाखालची भातसा उन्हाळ्यातही वाहते. कारण मुंबईसाठी सोडलेले पाणी नदीच्याच पात्रातून खाली येते आणि पिसे येथील बंधाऱ्यावर उचलले जाते. म्हणजे शौकिनाला मे महिन्यातही जी नदी वाहती दिसेल, ती वस्तुतः महानगराची उघडी जलवाहिनी आहे. तिच्या काठापासून थोड्याच अंतरावरच्या पाड्यांवर त्याच महिन्यात टँकरची वाट पाहिली जाते, ही विसंगती वृत्तपत्रांच्या वाचकांना नवी नाही. काळूवर अद्याप मोठे धरण झालेले नाही. तेथे सुरू झालेले काम वनखात्याची मंजुरी नसल्यामुळे २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने थांबले. ज्या वाड्यांच्या जमिनी आणि जंगल त्यात जाणार होते, त्यांनी हा लढा दिला होता. काळूत आज मासे धरण्याजोगे वाहते पाणी उरले असेल, तर त्याचे थोडे श्रेय त्या वाड्यांकडे जाते. शौकिनाच्या यादीत या गोष्टीला जागा नसते.

आता महिन्यांचा हिशेब. येथील नद्यांवर असा खेळ कधी खेळता येईल? जून ते सप्टेंबर पाणी गढूळ आणि धोक्याचे. शिवाय तो माशांच्या विणीचा काळ. एप्रिल-मे मध्ये काळू डोहाडोहांत तुटते, पाणी तापते, त्यातील प्राणवायू कमी होतो. अशा पाण्यात गळाशी झुंजून थकलेला मासा सोडून दिला, तरी तो जगेलच असे नाही. सोडून देण्यामागची सारी भूतदया तेथे निष्फळ ठरते. राहिले ते ऑक्टोबर अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस. पाणी निवळलेले, वाहते आणि थंड असते. कोणताही जाणकार हेच महिने निवडील.

नेमक्या याच महिन्यांत नदीची खडान्‌खडा माहिती असलेला माणूस नदीवर नसतो. तो वीटभट्टीवर असतो. शहापूर-मुरबाडच्या कातकरी वाड्या दिवाळी सरली की ओस पडू लागतात. भिवंडी-कल्याणच्या आणि त्याहून दूरच्या भट्ट्यांवर कुटुंबेच्या कुटुंबे जातात, मुलांच्या शाळा सुटतात, आणि पावसाळ्याच्या तोंडावर ती परततात तेव्हा हिशेबात शिल्लक किती राहिली, हे मालकाची वही सांगते. कारण पावसाळ्यात हाताला काम आणि घरात दाणा नसताना 'उचल' घेतलेली असते. ती फेडण्यासाठी मजुरी. वेठबिगार मोडणारा कायदा १९७६ सालचा आहे. परंतु रोख रकमेची निकड कायद्याने संपत नाही, आणि निकड आहे तोवर उचल या ना त्या रूपाने राहते.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता या दोन हंगामांचे एकाच वेळी येणे ही लहान गोष्ट नव्हे. ग्रामीण रोजगाराच्या बहुतेक योजना फसतात त्या काम चुकीच्या महिन्यात निघते म्हणून. येथे नदीवरचे काम आणि भट्टीवरचे काम एकाच काळात समोरासमोर येते. कोणत्या डोहात मासा दिवस काढतो, कोणत्या खडकाआडून सकाळी बाहेर पडतो, पाण्याचा रंग पाहून वर पाऊस झाला की नाही, हे ज्ञान कातकऱ्यापाशी पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. ठाकूर आणि महादेव कोळी यांच्यापाशीही ते आहे. त्याला आजवर बाजारभाव नव्हता, इतकेच. शौकिनाच्या खेळामुळे प्रथमच तो येऊ शकतो. प्रश्न एवढाच, की तो भाव कोणाच्या खिशात जाणार.

येथे कावेरीचा अनुभव उपयोगी आहे. कर्नाटकात मुथत्ती-भीमेश्वरीच्या परिसरात शौकिनांच्या एका संघटनेने आणि पुढे राज्याच्या पर्यटन कंपनीने मासेमारीची शिबिरे चालवली. महासीर, म्हणजे आपल्याकडे ज्याला खडस किंवा खडशी म्हणतात त्याच कुळातला मासा, तेथे अवाढव्य वाढतो; कावेरीला मिळणाऱ्या कबिनी नदीत १९४६ साली १२० पौंडांचा मासा गळाला लागल्याची नोंद आहे. पूर्वी चोरून मासे मारणारे गावकरीच शिबिरांत वाटाडे आणि राखणदार झाले. सुरुंगाची दारू टाकून मासे मारण्याला आळा बसला. तथापि पुढे तो भाग अभयारण्यात मोडतो आणि अभयारण्यात गळ टाकणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही, अशी भूमिका शासनाने घेतली आणि २०१० नंतरच्या काही वर्षांत हा खेळ तेथे बंद झाला. कायद्याचा अर्थ बरोबर की चूक हा वाद बाजूला ठेवू. वाटाड्यांचे काय झाले? त्यांचा पगार गेला. परवाना त्यांचा नव्हता, ठेका त्यांचा नव्हता. म्हणून तो रद्द करताना त्यांना विचारण्याचाही प्रश्न उद्भवला नाही. ते कुशल होते, प्रामाणिक होते, पण होते नोकरच.

कावेरीने आणखी एक धडा दिला आहे, आणि तो महाराष्ट्राने विशेष ध्यानात ठेवावा. लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी १९७० च्या दशकापासून महासीरची पैदास होते. ते काम मोलाचे आहे. पण दख्खनच्या या महासीरची पिले कावेरीत सोडली गेली, तेथे ती फोफावली, आणि कावेरीचा स्वतःचा, पाठीवर उंचवटा असलेला महासीर नामशेष होण्याच्या काठावर आला. त्याला शास्त्रीय नाव निश्चित होईतो २०१८ साल उजाडले. तेव्हा 'मासे कमी आहेत ना, मग बीज सोडा' हा सोपा सल्ला काळू-शाईच्या बाबतीत कोणी देऊ नये. नदीत जे आहे ते राखणे हेच स्वस्त आणि सुरक्षित.

गयाना आपल्याला क्रिकेटमुळे आणि ऊसमळ्यांवर गेलेल्या भारतीय मजुरांमुळे ठाऊक. त्याच्या अंतर्भागात रुपुनुनीच्या खोऱ्यात रेवा नावाचे आदिवासी गाव आहे. तेथल्या पाण्यात अरापैमा हा गोड्या पाण्यातील जगातल्या सर्वांत मोठ्या माशांपैकी एक मासा राहतो. बेसुमार शिकारीने तो कमी झाला होता. गावाने तो मारणे थांबवले, नदीकाठी स्वतःचे निवासगृह बांधले, आणि खोटी माशी घेऊन येणाऱ्या परदेशी शौकिनांना अरापैमा धरून सोडून देण्यापुरती मुभा दिली. वाटाडे गावचे, स्वयंपाकी गावचे, आणि मुख्य म्हणजे निवासगृहाचा मालक गावच. कावेरी आणि रेवा यांतील फरक माशांचा नाही. मालकीचा आहे.

शहापूर-मुरबाडमध्ये अशी मालकी कायद्याने शक्य आहे काय? बऱ्याच अंशी होय. संपूर्ण शहापूर तालुका आणि मुरबाडमधील ७७ गावे १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्याने तेथील लहान जलसाठ्यांच्या व्यवस्थापनाचा अधिकार पंचायतींच्या योग्य स्तराकडे सोपवला. २००६ चा वनहक्क कायदा तर अनुसूचित क्षेत्राबाहेरही लागू आहे, आणि त्यातील सामूहिक हक्कांत मासळीचा स्पष्ट उल्लेख आहे. नदी सलग धरली तर ती शासनाचीच. परंतु तिच्याकडे जाणारी वाट, काठचे रान आणि तिला मिळणारे ओहोळ यांवर गावाचा हक्क सिद्ध होऊ शकतो, आणि ती वाट ओलांडल्याशिवाय कोणाही शौकिनाला काळूत पाय भिजवता येत नाही. मत्स्यव्यवसाय विभागाने नदीचा पट्टा लिलावात न काढता ग्रामसभेला द्यावा, ही मागणी त्यामुळे अवास्तव ठरत नाही. मात्र तानसा अभयारण्याच्या हद्दीत हा खेळ नकोच. कावेरीचे रामायण पुन्हा कशाला?

ग्रामसभा म्हटले की सारे साधले, असाही भ्रम नसावा. कातकरी हा बहुतेक ठिकाणी गावातला भूमिहीन आणि अल्पसंख्य. ग्रामसभेच्या सतरंजीवर तो मागे बसतो, आणि हंगाम असेल तर बसतही नाही. परवान्याचा पैसा ग्रामनिधीत जमा होऊन सभामंडप उभा राहील आणि वाटाडे सरपंचांच्या भावकीतले निघतील, हा धोका खरा आहे. महाराष्ट्राच्या २०१४ च्या पेसा नियमांनी पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून घोषित होण्याची वाट मोकळी केली आहे. नदीचा करार व्हायचा तर तो अशा पाड्याच्या सभेशी व्हावा.

उलट बाजूही मांडली पाहिजे. मृगाच्या पहिल्या पुरात मासे अंडी घालायला भातखाचरांकडे चढतात. ही वळगण. पाग, बांबूचे सापळे, नुसत्या टोपल्या घेऊन सारा गाव तेव्हा पाण्यात उतरतो, आणि अंड्यांनी भरलेले मासे घरोघर शिजतात. शहरी निसर्गप्रेमी याकडे बोट दाखवतात आणि त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. परंतु ज्या घरात जूनमध्ये दुसरे कालवण नाही, त्याला विणीचे महत्त्व सांगणाऱ्याने सोबत काही पर्यायही न्यावा. समजा, वर्षभरात परवान्यापोटी पाड्याला ठरावीक रक्कम मिळणार असेल, तर चार ओहोळांपैकी दोन वळगणीसाठी बंद ठेवण्याचा निर्णय पाडा स्वतः घेऊ शकेल. देवाच्या नावाने असे निर्णय आपल्या लोकांनी घेतलेले आहेत. वाडा तालुक्यात तिळसे येथे वैतरणेच्या डोहातील देवाचे मासे कोणी मारीत नाही. महाडजवळ वाळण कोंडीतही तोच नियम आहे. १८९७ च्या कायद्याने स्फोटके आणि विष वापरून मासे मारण्यास बंदी केली, तरी ते प्रकार थांबले नाहीत. डोह राखला गेला तो जेथे गावाने तो आपला मानला तेथेच.

शौकिनाने सहल जरूर आखावी. फक्त त्याच्या यादीतला वाटाड्याच्या मजुरीचा आकडा तंबू ठोकणाऱ्या कंपनीने ठरवून चालणार नाही, आणि तो ऑक्टोबरात ठरून तर मुळीच चालणार नाही. भट्टीची उचल श्रावणाच्या आगेमागे घेतली जाते. १५ ऑगस्टची ग्रामसभा त्याच सुमारास असते. नदीचा परवाना, त्याचे दर, बंद ठेवायचे ओहोळ आणि वाटाड्यांना द्यायची आगाऊ रक्कम यांचा ठराव त्या सभेत झाला, तर दिवाळीनंतर भट्टीचा ट्रक वाडीवर येईल तेव्हा काही घरांना त्यात चढण्याची सक्ती राहणार नाही.