शिम आणि कानस

जुने इंजिन खोलणे आणि जुना ग्रंथ संपादणे या दोन कामांत काही नाते असेल, असे साहित्याच्या अभ्यासकाला सहसा वाटत नाही. आम्हांलाही वाटत नव्हते. गेल्या वर्षी अमेरिकेतील एका मित्राच्या १९५० सालच्या शेव्हरोले पिकअपचे इंजिन उघडताना आम्ही त्याच्या हाताखाली पाने देण्याचे काम केले, आणि एक जुनी तक्रार मनात नव्याने जागी झाली.

शेव्हरोलेचे घराणे मराठी मुलखाला अगदीच परके नव्हे. जनरल मोटर्स १९२८ पासून १९५४ पर्यंत मुंबईत शिवडी येथे गाड्या जोडत होती. मित्राच्या पिकअपमध्ये त्या घराण्याचे २१६ घनइंचांचे, सहा सिलिंडरांचे इंजिन आहे. पुढे आलेल्या इंजिनांत कनेक्टिंग रॉड जेथे क्रँकशाफ्टला धरतो, तेथे झिजल्यावर बदलता येणाऱ्या बेअरिंगच्या वाट्या असतात. येथे तशा वाट्या नाहीत. बॅबिट नावाचा मऊ मिश्रधातू रॉडच्या अंगातच ओतलेला असतो. हा धातू झिजला की इंजिन ठोकू लागते. त्यावर निर्मात्यांनीच एक उपाय योजून ठेवला होता. रॉड आणि त्याची खालची कॅप यांच्यामध्ये कागदासारख्या पातळ धातूच्या पत्र्या घालीत. त्यांना शिम म्हणतात. झीज झाली की एखादी शिम काढायची, कॅप तेवढी वर सरकते, फट भरून निघते. काढलेली शिम मोजता येते आणि चुकले तर परतही घालता येते.

मित्राचे इंजिन ठोकत होते. आम्ही खालचे तेलाचे तबक उतरवले, कॅपा सोडवल्या आणि थक्क झालो. एकाही रॉडमध्ये शिम नव्हती. कॅपांच्या कडा कानशीने घासलेल्या होत्या. पूर्वी कोणा मिस्त्रीने, शिमा संपल्यावर किंवा शोधण्याचा कंटाळा आल्यावर, कॅपच घासून फट बुजवली होती. शिवाय दोन टिंबांची खूण असलेल्या रॉडला तीन टिंबांची कॅप लावलेली होती. रॉड आणि कॅप यांची जोडी जुळवून घडवलेली असते; ती मोडली की वर्तुळ वर्तुळ राहात नाही. त्या मिस्त्रीच्या हातून गाडी काही महिने शांत चालली असेलही. परंतु मूळ माप काय होते, हे सांगणारा पुरावा त्याने भुकटी करून उडवून दिला होता.

ही भुकटी आमच्या शेल्फावरही साठलेली आहे. १९६२ च्या लेखननियमांनी मराठीतील अनुच्चारित अनुस्वार गेले. नवे लेखन त्या नियमांनी व्हावे याविषयी आमचा वाद नाही. पण त्यापूर्वीच्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या काढताना ते अनुस्वार मुकाट्याने काढले जातात, आणि प्रस्तावनेत त्याचा अवाक्षराने उल्लेख नसतो. जुन्या लेखनात ‘तीं आलीं’ म्हणजे मुले आली. ‘ती आली’ म्हणजे एक बाई आली. ‘नांव’ विचारले जाई आणि ‘नाव’ वल्हवली जाई. नव्या आवृत्तीत हे भेद एका मापाने घासले गेले, आणि विद्यार्थी जेव्हा त्या लेखकाच्या शैलीवर निबंध लिहितो तेव्हा तो कोणाच्या शैलीवर लिहीत असतो, हे त्याच्या शिक्षकालाही सांगता येत नाही.

यावर उत्तर ठरलेले आहे: वाचक टिकवायचा तर पुस्तक वाचनीय हवे. हे आम्ही मान्य करतो. पिकअपच्या जगातही हा प्रश्न आहे. २१६ च्या रॉडना तेल मिळते ते मुख्यतः तबकातून उडवले जाऊन. आजच्या महामार्गाच्या वेगाला ती सोय अपुरी पडते. म्हणून अनेक मालक तिच्या जागी पूर्ण दाबाने तेल देणारे २३५ घनइंचांचे नंतरचे इंजिन बसवतात. त्यात फसवणूक नाही, कारण इंजिनावर क्रमांक कोरलेला असतो आणि बदल कोणालाही वाचता येतो. बदल करणे हा दोष नव्हेच. बदल लपवणे, आणि तो परत फिरवता येणार नाही असा करणे, हा दोष आहे.

आपल्या परंपरेला हे भान होते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि पुढे कोणी तीत आपली ओवी घालू नये असे बजावले. प्रत्येक पाठभेद त्यांनी नोंदवला नाही, हे खरे. तरीही शुद्धी कोणी केली आणि केव्हा केली, हे चारशेहून अधिक वर्षांनी आपण सांगू शकतो. छापखान्याच्या आणि संगणकाच्या काळातील प्रकाशकाकडून एवढीच अपेक्षा केली तर ती जास्त ठरू नये.

मित्राने सहाही रॉड बॅबिट नव्याने ओतण्यासाठी कारागिराकडे पाठवले. ते परत आल्यावर प्रत्येक कॅपखाली शिमा घातल्या. कोणत्या रॉडला किती शिमा आहेत, याची यादी त्याने कार्डावर लिहून गाडीच्या डॅशबोर्डातील कप्प्यात ठेवली. पुढे जो कोणी हे इंजिन उघडील, त्याच्यासाठी.

जुन्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत असे एक पान असावे: मूळ प्रत कोणती, काय बदलले, कोणत्या नियमाने. ते पान नसेल तर शिक्षकांनी ती आवृत्ती वर्गात लावू नये, आणि नाइलाजाने लावावी लागलीच तर ग्रंथालयातील पहिल्या आवृत्तीची दहा पाने विद्यार्थ्यांकडून ताडून घ्यावीत. कानस कोठे फिरली आहे, हे त्यांना दहा पानांत कळेल.