घोडा परक्या पागेंत ठेवितांना
अज्ञातवासांत विराटाचे घोडे राखण्यास प्रत्यक्ष नकुल होता; आपणांस तसा मोतद्दार शोधावा लागतो. आम्हांस विचाराल, तर पागेच्या कमानीची शोभा पाहूं नये. ठाणापाशीं वाकून वास घ्यावा. मुताचा दर्प डोळ्यांस झोंबला, तर खूर कुजण्यास व छाती बिघडण्यास विलंब नाहीं. दिवसास सुमारें ३० लिटर स्वच्छ पाणी, चंदीहून वैरण अधिक आणि रोज मोकळें फिरणें मिळतें काय, हें पाहावें. घोड्यास ओकतां येत नाहीं. पोटशूळ उठला कीं जिवावर बेततें. म्हणून रात्रीं तेथें कोण जागतें, हें दर ठरविण्यापूर्वीं विचारावें. मुक्या जिवाची तक्रार धन्यानेंच ओळखावयाची असते.